खटल्याच्या वाटेवरचं स्पॅनिश : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गुन्हे, पोलीस आणि न्यायालय या विषयांवरच्या स्पॅनिश शब्दांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना लॅटिन अमेरिकेतला उच्चार धरला आहे. स्पेनच्या बहुतेक भागात 'झेड'ला, तसंच 'ई' आणि 'आय'च्या आधी येणाऱ्या 'सी'ला 'स'ऐवजी 'थ'च्या जवळचा, जीभ दातांत धरून केलेला उच्चार ऐकू येईल.

प्रश्न : बी-वन (मध्यम) पातळीचं पुस्तक संपवलं. गुन्हे आणि कायदा या धड्यातले साठेक शब्द पाठ आहेत. तरीही स्पॅनिश वर्तमानपत्रातली गुन्ह्याची बातमी वाचायला घेतली की दुसऱ्याच ओळीत अडकायला होतं. कुठे चुकतंय?

पाठ केलेल्या यादीत बहुतेक नामं असणार. बातमी चालते ती क्रियापदावर आणि त्याला चिकटून येणाऱ्या 'दे', 'आ', 'पोर' या छोट्या शब्दांवर. मराठीत आपण 'त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला' म्हणतो. हा 'वर' स्पॅनिशमध्ये नेला की वाक्य बिघडलंच. 'आकुसार' (आरोप ठेवणे) या क्रियापदाला माणूस 'आ'ने जोडला जातो आणि गुन्हा 'दे'ने. 'कोन्देनार'मध्ये (दोषी ठरवून शिक्षा देणे) मात्र माणसाला 'आ', शिक्षेलाही 'आ' आणि गुन्ह्याला 'पोर' : 'ले कोन्देनारोन आ त्रेस आन्योस दे प्रिसियोन पोर रोबो', म्हणजे जबरी चोरीबद्दल त्याला तीन वर्षांचा कारावास झाला. 'आब्सोल्बेर' (निर्दोष सोडणे) पुन्हा 'दे' घेतं, तर 'देतेनेर' (अटक करणे) 'पोर' घेतं. 'इम्पुतार' (गुन्हा एखाद्याच्या माथी लावणे) तर उलटं फिरतं, कारण तिथे गुन्हा हे कर्म असतं आणि तो 'आ'ने माणसाला चिकटवला जातो. एवढी पाच क्रियापदं त्यांच्या जोडशब्दांसह पक्की झाली तर निम्मी बातमी आपोआप सुटते.

म्हणून कार्डं करायची असतील तर एका कार्डावर एक सुटा शब्द लिहू नका, एक पूर्ण वाक्य लिहा. आणि ती वर्णानुक्रमे न लावता खटल्याच्या क्रमाने लावा : 'कोमेतेर' (गुन्हा करणे), 'देनुन्सियार' (पोलिसांत कळवणे), 'इन्बेस्तिगार' (तपास करणे), 'देतेनेर', 'आकुसार', 'हुस्गार' (खटला चालवणे), 'कोन्देनार' किंवा 'आब्सोल्बेर', आणि शेवटी 'रेकुर्रिर' (निकालाला वरच्या न्यायालयात आव्हान देणे). या आठ टप्प्यांवर 'कोण, काय, कुठे' असे प्रत्येकी चार-पाच शब्द टांगले की चाळीसेक शब्दांचा संच तयार होतो. रोज एक टप्पा आणि एक खरी बातमी पुरे.

एक नमुना घेऊ. स्पेनच्या वर्तमानपत्रांत या साच्याचं वाक्य वारंवार दिसतं : 'एल हुएस देक्रेता प्रिसियोन प्रोबिसियोनाल, कोमुनिकादा इ सिन फियान्सा, पारा एल प्रेसुन्तो आउतोर देल आत्राको.' न्यायाधीशांनी 'प्रिसियोन प्रोबिसियोनाल' दिली आहे, म्हणजे निकालाआधीची कोठडी. लॅटिन अमेरिकेत हीच 'प्रिसियोन प्रेबेन्तिबा'. 'कोमुनिकादा' म्हणजे कैद्याला बाहेरच्यांशी संपर्क ठेवता येईल. 'सिन फियान्सा' म्हणजे जामीन नाही. 'आउतोर' हा इथे लेखक नव्हे, गुन्हा करणारा. 'आत्राको' म्हणजे धाक दाखवून केलेली लूट. आणि 'प्रेसुन्तो' म्हणजे 'कथित' : निकाल लागेपर्यंत बातमीदार हा शब्द सोडत नाहीत.

आणखी एक जागा सांभाळा. 'फुए देतेनिदो' म्हणजे अटक झाली, ही घटना. 'एस्ता देतेनिदो' म्हणजे सध्या अटकेत आहे, ही स्थिती. 'सेर' आणि 'एस्तार' ('असणे'साठीची दोन क्रियापदं) यांची गल्लत रोजच्या बोलण्यात खपून जाते. इथे तिच्यामुळे बातमीच बदलते.

प्रश्न : 'रोबो', 'उर्तो' आणि 'आत्राको' या तिन्हींना शब्दकोशात 'चोरी' असाच अर्थ दिला आहे. फरक फक्त शैलीचा आहे का?

फरक शैलीचा नाही, शिक्षेचा आहे. स्पेनच्या 1995 च्या दंडसंहितेत कलम 234 'उर्तो'चं आणि कलम 237 'रोबो'चं. मालकाच्या संमतीविना, पण बळ न वापरता वस्तू लांबवली तर तो 'उर्तो'. टेबलावर ठेवलेला फोन उचलून नेला, गर्दीत नकळत पाकीट मारलं, ही त्याची उदाहरणं. 'रोबो' दोन प्रकारचा. एक 'कोन फुएर्सा एन लास कोसास', म्हणजे वस्तूंवर बळ वापरून : कुलूप तोडणं, खिडकी फोडणं, भिंत चढून आत शिरणं, अलार्म निकामी करणं. दुसरा 'कोन बिओलेन्सिया ओ इन्तिमिदासियोन एन लास पेर्सोनास', म्हणजे माणसाला मारहाण करून किंवा धमकावून.

वस्तूंवर बळ वापरण्याच्या यादीत 'याबेस फाल्सास' म्हणजे खोट्या किल्ल्याही आहेत, आणि इथे भाषांतर करणारे हमखास फसतात. मालकाची हरवलेली किंवा चोरलेली खरीखुरी किल्लीसुद्धा कायद्याच्या लेखी 'खोटी'च. तेव्हा 'बनावट किल्ली' असं मराठी केलंत तर चूक होईल.

शिक्षेचे आकडे पाहिले की हा भेद लक्षात राहतो. चारशे युरोंपर्यंतचा साधा 'उर्तो' हा 'देलितो लेबे', म्हणजे सौम्य गुन्हा, आणि त्याला दंड. चारशेच्या वर गेला की 6 ते 18 महिने कारावास. वस्तूंवर बळ वापरून केलेल्या 'रोबो'ला मूळ शिक्षा 1 ते 3 वर्षं, माणसांवर बळ वापरून केलेल्याला 2 ते 5 वर्षं. जुन्या पुस्तकांत लहान गुन्ह्यांसाठी 'फाल्ता' हा शब्द सापडेल. 2015 च्या दुरुस्तीने तो वर्ग दंडसंहितेतून काढून टाकला, म्हणून आजच्या मजकुरात तो वापरू नका.

'आत्राको' हा दंडसंहितेतला गुन्हा नाही. शस्त्राचा धाक दाखवून बँक, दुकान किंवा वाटसरू लुटला की लोक आणि वर्तमानपत्रं 'आत्राको' म्हणतात. आरोपपत्रात तोच 'रोबो कोन इन्तिमिदासियोन' होतो. हिसडा मारून पिशवी पळवली तर 'तिरोन'.

व्याकरणाकडेही पाहा. 'रोबार'चं कर्म म्हणजे चोरलेली वस्तू, आणि ज्याचं गेलं तो चतुर्थीत येतो : 'मे आन रोबादो ला कार्तेरा' (माझं पाकीट चोरलं). मराठीतला 'माझं पाकीट' इथे 'मला' होऊन येतो; 'मि कार्तेरा' म्हणायची गरज नाही. 'आत्राकार'चं कर्म मात्र माणूस किंवा बँक. 'उर्तार' हे क्रियापद आहे खरं, पण बोलताना ते फारसं कुणी वापरत नाही. बोलताना 'रोबार' म्हणावं आणि कागदावर 'उर्तो' लिहिलेलं ओळखावं.

प्रश्न : स्पेनमध्ये फिरताना काही चोरीला गेलं तर पोलीस ठाण्यात नेमकं काय बोलायचं? 'देनुन्सिया', 'केरेया' आणि 'देमान्दा' यांतला कोणता शब्द वापरायचा?

'देनुन्सिया'. घडलेला गुन्हा अधिकाऱ्यांना कळवणं एवढाच तिचा अर्थ. 'केरेया' ही न्यायालयात दाखल करायची फौजदारी तक्रार. ती करणारा खटल्यात पक्षकार होतो आणि त्यासाठी वकील लागतो. 'देमान्दा' हा दिवाणी दावा. ठाण्यात जाऊन 'देमान्दा' करायची आहे म्हणालात तर समोरचा गोंधळेल.

ठाणं म्हणजे 'कोमिसारिया'. तातडीची मदत हवी असेल तर 112. 'पोलिसिया नासियोनाल'चा क्रमांक 091 आणि 'ग्वार्दिया सिबिल' या निमलष्करी पोलीस दलाचा 062. ठाण्यात पहिलं वाक्य : 'किएरो पोनेर ऊना देनुन्सिया' (मला तक्रार नोंदवायची आहे). भाषेची अडचण असेल तर लगेच दुसरं : 'नेसेसितो उन इन्तेर्प्रेते' (मला दुभाषी हवा आहे). मग काय, कधी, कुठे, कसं, या क्रमाने सांगा.

यातल्या 'कसं'वर कागदाचं भवितव्य ठरतं. 'सिन दार्मे कुएन्ता' (माझ्या लक्षात न येता) म्हणालात की तो 'उर्तो' नोंदला जाईल. 'मे एम्पुहारोन' (मला ढकललं) किंवा 'मे आमेनासारोन कोन ऊना नाबाहा' (चाकूचा धाक दाखवला) म्हणालात की 'रोबो'. बऱ्याच विमा पॉलिसींत 'रोबो'ला भरपाई असते, 'उर्तो'ला नसते किंवा कमी असते, म्हणून सही करण्याआधी हा एक शब्द कागदावर शोधाच. मात्र जे घडलं तेच सांगा. हरवलेल्या वस्तूला चोरी म्हणणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, 'सिमुलासियोन दे देलितो'. हरवलं असेल तर 'ए पेर्दिदो' म्हणा आणि 'पेर्दिदा' म्हणूनच नोंद करून घ्या; पासपोर्टसाठी तेवढा कागद लागतो.

फोनचा अनुक्रमांक जवळ ठेवा, तो विचारला जातो. निघताना 'ऊना कोपिया सेयादा' मागा, म्हणजे शिक्का मारलेली प्रत. त्या कागदावर तुम्ही 'देनुन्सियान्ते' असाल. 'देनुन्सियादो' म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. नाव लिहिण्याआधी रकाना दोनदा वाचा.

प्रश्न : ऐकलेला शब्द शब्दकोशात सापडतच नाही. काही युक्ती?

'उर्तो', 'ओमिसिदियो' (मनुष्यवध) हे शब्द 'एच'खाली आहेत; ते अक्षर उच्चारात मुकं असतं. 'ब' ऐकू आला तर 'बी' आणि 'व्ही' दोन्हीकडे पाहा : 'बिक्तिमा' (गुन्ह्याचा बळी) 'व्ही'खाली मिळेल. 'ह' ऐकू आला तर 'जे' किंवा 'जी' : 'हुएस' (न्यायाधीश), 'हुइसियो' (खटला), 'हुस्गादो' (एका न्यायाधीशाचं न्यायालय) ही सगळी 'जे'वाली.

लिहिताना स्वरावरच्या तिरप्या रेघेकडे, म्हणजे 'तिल्दे'कडे, दुर्लक्ष करू नका. 'रोबो'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'चोरी' किंवा 'मी चोरतो'. जोर शेवटच्या अक्षरावर आणि डोक्यावर रेघ असेल तर 'त्याने चोरलं'. 'आकुसो' आणि 'कोन्देनो' यांचंही तसंच. जबाबाच्या भाषांतरात एक रेघ राहिली तर साक्षीदार स्वतःच कबुली देऊन बसतो.

लिंगाचंही इथेच सांगून टाकू. 'ला बिक्तिमा' पुरुष असला तरी स्त्रीलिंगीच राहतो. 'तेस्तिगो' (साक्षीदार) मात्र पुरुषाला 'एल' आणि बाईला 'ला' घेतो. 'तेस्तिगा' करू नका. 'ला पोलिसिया' म्हणजे पोलीस दल किंवा महिला पोलीस, 'एल पोलिसिया' म्हणजे एक पुरुष पोलीस.

प्रश्न : एकाच माणसाला बातमीत कधी 'इन्बेस्तिगादो', कधी 'इम्पुतादो', कधी 'आकुसादो' म्हटलेलं दिसतं. मी सगळीकडे 'आरोपी' लिहितो. चालेल?

ढोबळ बातमीत चालेल, कागदपत्रांत नाही. हा माणूस खटल्याच्या कुठल्या पायरीवर उभा आहे, ते त्या शब्दात असतं. स्पेनमध्ये तपास चालू असेपर्यंत तो 'इन्बेस्तिगादो'. 2015 पर्यंत त्याच जागी 'इम्पुतादो' होता, पण नुसती चौकशी सुरू असलेल्या माणसाच्या नावाला त्या शब्दाने बट्टा लागतो म्हणून कायद्याने तो बदलला. वर्तमानपत्रांच्या तोंडी मात्र जुनाच अजून रेंगाळतो. आरोपपत्र आलं की 'आकुसादो', शिक्षा झाली की 'कोन्देनादो'. पोलिसांनी धरलेला 'देतेनिदो'. स्पेनच्या राज्यघटनेप्रमाणे त्याला 72 तासांच्या आत सोडावं लागतं किंवा न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. 'प्रेसो' म्हणजे तुरुंगात असलेला, मग तो शिक्षा भोगत असो की निकालाची वाट पाहत.

मेक्सिकोच्या 2014 च्या राष्ट्रीय फौजदारी प्रक्रिया संहितेत 'इम्पुतादो' हाच अधिकृत शब्द आहे. पुढे 'आकुसादो', आणि निकालानंतर 'सेन्तेन्सियादो', अपील बाकी असलं तरीही. म्हणजे 'इम्पुतादो' हा शब्द चूक की बरोबर, हे कागद कुठल्या देशातला आहे त्यावर ठरतं. मराठीत 'संशयित', 'आरोपी', 'दोषी' या तीन पायऱ्या वापरा आणि 'गुन्हेगार' हा शब्द शेवटच्या पायरीआधी हातातच घेऊ नका.

प्रश्न : इंग्रजी येत असल्यामुळे 'सेन्तेन्सिया' म्हणजे शिक्षा हे लगेच कळलं. असे सोपे शब्द अजून सांगाल का?

हाच शब्द घेऊ, कारण तो सोपा नाही. 'सेन्तेन्सिया' म्हणजे संपूर्ण निकालपत्र. आरोपी सुटला तरी 'सेन्तेन्सिया' असतेच, तिला 'आब्सोलुतोरिया' म्हणतात. शिक्षेसाठी 'कोन्देना' किंवा 'पेना'. 'सेन्तेन्सिया फिर्मे' म्हणजे ज्यावर आता नेहमीचं अपील उरलेलं नाही असा अंतिम निकाल. 'कडक निकाल' असं भाषांतर केलं तर अनर्थ होतो. आणि 'बिस्तो पारा सेन्तेन्सिया' म्हणजे सुनावणी संपली, निकाल राखून ठेवला.

स्पेनमधलं फौजदारी निकालपत्र हाती आलं तर ते कसं वाचायचं? सुरुवातीला न्यायालय, पक्षकार, तारीख. मग 'आन्तेसेदेन्तेस दे एचो', म्हणजे प्रकरण इथवर कसं आलं. त्यानंतर 'एचोस प्रोबादोस', सिद्ध झालेल्या घटना. हा भाग बहुधा साध्या भूतकाळात, गोष्टीसारखा असतो, म्हणून शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. पुढचे 'फुन्दामेन्तोस दे देरेचो' म्हणजे कायद्याची कारणमीमांसा. ही पानं सर्वांत जड, पहिल्या वाचनात बिनधास्त गाळा. शेवटी 'फायो', प्रत्यक्ष आदेश. एकट्या न्यायाधीशाचा असेल तर पारंपरिक साचा असा : 'के देबो कोन्देनार इ कोन्देनो आ...', म्हणजे 'मी दोषी ठरवणं भाग आहे आणि ठरवतो...'. खंडपीठ असेल तर 'देबेमोस कोन्देनार इ कोन्देनामोस'. स्पेनच्या न्यायमंडळाचा निकालांचा संग्रह इंटरनेटवर मोफत आहे आणि त्यात व्यक्तींची नावं बदललेली असतात. साध्या 'उर्तो'चं, पाच-सहा पानांचं एक निकालपत्र निवडा. फक्त 'एचोस प्रोबादोस' आणि 'फायो' वाचा.

बाकीचे फसवे शब्द पटकन सांगतो. 'ओफेन्सा' म्हणजे अपमान, गुन्ह्याला 'देलितो'. स्पेनमध्ये 'क्रिमेन' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खूनच येतो. 'फिस्काल' म्हणजे सरकारी वकील, आणि विशेषण म्हणून 'करविषयक'. पुराव्याला कायद्यात 'प्रुएबा'. 'प्रेबारिकासियोन' म्हणजे टाळाटाळ नव्हे; न्यायाधीशाने किंवा अधिकाऱ्याने जाणूनबुजून अन्यायकारक निर्णय देण्याचा तो गुन्हा. 'मोबिल देल क्रिमेन' म्हणजे गुन्ह्यामागचा हेतू, फोन नव्हे. आणि 'एस्पोसास' म्हणजे बेड्या. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बायका. त्यावरचे विनोद स्पॅनिश लोकांनी केव्हाच संपवले आहेत, आपण भर घालायला नको.

प्रश्न : मी भाषांतराचं काम सुरू केलं आहे. मजकूर कधी स्पेनचा, कधी मेक्सिकोचा, कधी आर्हेन्तिनाचा (अर्जेंटिना). शब्दसंग्रह एकच ठेवला तर चालणार नाही का?

नाही. देशाचा रकाना पहिला करा. सर्वांत धोक्याचा शब्द 'आयानामिएन्तो'. स्पेनमध्ये 'आयानामिएन्तो दे मोरादा' हा गुन्हा, कुणाच्या राहत्या घरात परवानगीशिवाय शिरण्याचा. आर्हेन्तिनाच्या बातमीत नुसता 'आयानामिएन्तो' बहुधा पोलिसांनी न्यायाधीशाच्या आदेशाने घेतलेली घराची झडती. म्हणजे एका ठिकाणी आत शिरणारा गुन्हेगार, दुसरीकडे पोलीस. त्याच झडतीला स्पेनमध्ये 'रेहिस्त्रो' आणि मेक्सिकोत 'कातेओ' म्हणतात. शिवाय स्पेनच्या दिवाणी खटल्यात प्रतिवादीने दावा मान्य केला तर त्यालाही 'आयानामिएन्तो'च.

'प्रोकुरादोर' दुसरा. स्पेनमध्ये तो न्यायालयात पक्षकाराचं प्रतिनिधित्व करतो, कागदपत्रं दाखल करतो आणि स्वीकारतो. बाजू मांडणारा 'आबोगादो' वेगळा. कोलंबियात 'प्रोकुरादोर हेनेराल' सरकारी अधिकाऱ्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवतो. काळा पैसा पांढरा करण्याला स्पेनमध्ये 'ब्लान्केओ दे कापितालेस', लॅटिन अमेरिकेत 'लाबादो'. स्पेनच्या कायद्यात 'ओमिसिदियो' (10 ते 15 वर्षं) आणि 'आसेसिनातो', म्हणजे खून (15 ते 25 वर्षं), वेगळे. विश्वासघाताने किंवा प्रतिकाराची संधीच न देता मारलं, पैसे घेऊन मारलं, हाल करून मारलं, की दुसरा लागू होतो. मेक्सिकोच्या संघीय दंडसंहितेत अशा वेळी 'ओमिसिदियो कालिफिकादो' दिसेल.

शंका आली तर स्पॅनिशच्या राजअकादमीचा सर्व स्पॅनिशभाषक देशांसाठीचा कायदेविषयक कोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यात अर्थाच्या आधी देशाची खूण असते. आधी ती पाहा, मग अर्थ.

प्रश्न : गुन्हेगारी मालिका पाहून हे सगळं शिकता येईल का?

कान तयार होईल, लेखणी नाही. मालिकांतली पात्रं बोलीत बोलतात. स्पेनमध्ये 'पास्मा' म्हणजे पोलीस, 'त्रुयो' म्हणजे तुरुंग, 'चोरिसो' (एरवी सॉसेज) म्हणजे भुरटा चोर. आर्हेन्तिनात चोर 'चोर्रो', पोलीस 'काना'. हे ओळखा, पण वापरू नका, ठाण्यात तर नाहीच. मालिका पाहायचीच तर न्यायालयातला एखादा दहा मिनिटांचा प्रसंग निवडा, स्पॅनिश उपशीर्षकांसह दोनदा पाहा आणि कोण कुणाला 'उस्तेद' (आदरार्थी 'आपण') म्हणतं, न्यायाधीशांना 'सेन्योरिया' म्हणून कधी संबोधतात, हे टिपा. 'सेन्योरिया' स्पेनमध्ये प्रत्यक्ष न्यायालयातही ऐकू येतं.